परदेशप्रवास आणि गळाचे साहित्य : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

तापी, गिरणा आणि पांझरेच्या काठावर गळ टाकून बसणारी खानदेशातील माणसे आता परदेशी जातानाही आपली काठी सोबत नेऊ इच्छितात. मुलगा-सून किंवा मुलगी-जावई तिकडे स्थिरावलेले असतात, आईवडील दोन-तीन महिने त्यांच्याकडे राहायला जातात, आणि घरामागे तळे असताना हात बांधून बसणे गळाच्या छंदिष्टाला जड जाते. त्यामुळे या विषयावरची बरीच पत्रे साठली होती. त्यांतील प्रश्न आज एकत्र घेत आहे. एक गोष्ट आधीच सांगतो. सामानाची तपासणी करणाऱ्या माणसाने बहुधा आयुष्यात एकदाही गळ टाकलेला नसतो. आपली पेटी उघडल्यावर त्याला धारदार काय, पेट घेणारे काय आणि चिखलाचे काय हे एका दृष्टिक्षेपात कळले पाहिजे, अशा रीतीने बांधाबांध केली तर निम्म्या अडचणी उद्भवतच नाहीत.

प्रश्न : मी धुळ्याला राहतो. मे महिन्यात मुलीकडे अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात तीन महिन्यांसाठी जाणार आहे. माझ्याकडे दोन तुकड्यांच्या ७ फुटी दोन काठ्या आणि दोन रिळे आहेत. ती केबिनमध्ये सोबत नेता येतील का? काठ्यांसाठी मिळणारी कडक पेटी फार महाग आहे. तिला काही पर्याय आहे का?

उत्तर : अमेरिकेच्या विमानतळांवर सुरक्षा तपासणी करणारी यंत्रणा, म्हणजे टीएसए, मासेमारीची काठी केबिनमध्येही चालू देते आणि चेक-इन सामानातही, मात्र ती विमान कंपनीच्या मापात बसली पाहिजे, अशी तिची अट आहे. अडचण या मापातच आहे. आपल्याकडील कंपन्या केबिन बॅगेची लांबी, रुंदी आणि उंची यांची बेरीज साधारण ११५ सेंमी आणि वजन ७ किलो धरतात, आणि बॅगेची लांबी ५५ सेंमीच्या पुढे गेलेली त्यांना चालत नाही. ७ फूट म्हणजे २१३ सेंमी. तिचे दोन तुकडे केले तर जोडाचा भाग धरून प्रत्येक तुकडा ११० सेंमीच्या आसपास भरतो, म्हणजे केबिनचा विचारच सोडावा लागतो. चार तुकड्यांची ७ फुटी काठीसुद्धा ५५ ते ६० सेंमीची होते आणि काठावरच अडते. शिवाय जाताना आपली तपासणी मुंबईला होणार आहे, अमेरिकेत नाही. आपल्याकडे बॅट, हॉकी स्टिक, गोल्फची काठी अशा वस्तू केबिनमध्ये नेऊ देत नाहीत, आणि गळाच्या काठीकडेही त्याच नजरेने पाहिले जाण्याची शक्यता मोठी आहे. म्हणून काठ्या चेक-इन सामानातच द्याव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे.

रिळांचे मात्र उलट आहे. रीळ नाजूक असते, महाग असते आणि आकाराने लहान असते. ते कापडी पिशवीत गुंडाळून केबिन बॅगेत ठेवावे. टीएसएही महाग रिळे केबिनमध्ये ठेवायला हरकत घेत नाही. एवढेच करावे की रिळावर गळ अडकवलेला नसावा आणि शक्य असेल तर तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोराही, काढून ठेवावा, कारण मजबूत दोरा पाहून एखादा अधिकारी शंका काढू शकतो आणि तिथे वाद घालण्यात अर्थ नसतो. नवा तंगूस तिकडे कुठल्याही दुकानात मिळतो.

आता पेटीचा प्रश्न. खानदेशात राहणाऱ्या माणसाने काठ्यांच्या पेटीसाठी हजारो रुपये का मोजावेत, हे मला खरोखर समजत नाही. जळगाव जिल्ह्यात गावोगावी शेतीचे पीव्हीसी पाइप मिळतात आणि अनेकांच्या गोठ्यामागे त्यांचे तुकडे पडलेले असतात. ११० मिमीचा पाइप घ्यावा. हे माप पाइपाच्या बाहेरच्या व्यासाचे असते, त्यामुळे हिशेब सोपा होतो. बहुतेक कंपन्या चेक-इन नगाच्या तिन्ही मापांची बेरीज १५८ सेंमीपर्यंत साधे सामान म्हणून स्वीकारतात. पाइपाची रुंदी ११ आणि उंची ११ मिळून २२ सेंमी झाली, म्हणजे लांबीसाठी १३६ सेंमी उरले. टोकाच्या एंड कॅपचा फुगवटा आणि जाडी लक्षात घेऊन पाइप १३० सेंमीचा कापला की आपल्या ११० सेंमीच्या काठ्या त्यात आरामात बसतात. दोन तुकड्यांची ८ फुटी काठीही, जोडाचा भाग फार लांब नसेल तर, त्यात मावते. ९ फुटी मात्र मावत नाही, कारण तिचा एक तुकडाच १३७ सेंमीच्या पुढे जातो. एका टोकाला एंड कॅप सोल्युशन लावून पक्की करावी. दुसऱ्या टोकाला मात्र आटे असलेले, फिरवून उघडणारे झाकण बसवावे आणि त्याला सोल्युशनचा थेंबही लावू नये. दोन्ही टोके चिकटवून बंद केलेली नळी यंत्रातून जाताना तपासनिसाला संशयास्पद वाटली, तर ती करवतीने कापण्यावाचून त्याच्यापुढे मार्ग राहत नाही. झाकणावर चिकटपट्टीचे वेढ्यावर वेढेही देऊ नयेत.

काठ्यांची कडी वाकू नयेत म्हणून प्रत्येक काठी जुन्या सुती साडीच्या पट्टीत गुंडाळावी, दोन तुकडे एकमेकांना उलट टोकांनी बांधावेत आणि नळीच्या दोन्ही टोकांना कापडाचा बोळा घट्ट बसवावा. नळी हलवल्यावर आतून आवाज आला, तर अजून कापड हवे असे समजावे. काठी तुटते ती आतल्या आत आपटून. बाहेरच्या माराने क्वचितच. नळीवर नाव, मुलीचा तिकडचा पत्ता आणि फोन नंबर पक्क्या शाईने लिहावा, आणि त्याच मजकुराचा कागद आतही टाकावा.

अमेरिकेत आपण ज्या शहरात प्रथम उतराल तिथेच सामान ताब्यात घेऊन पुन्हा पुढच्या विमानासाठी द्यावे लागते, मग बॅगेवरच्या पट्टीवर मिनेसोटाचे नाव असले तरीही. लांब नळी नेहमीच्या पट्ट्यावर न येता मोठ्या आकाराच्या सामानाच्या वेगळ्या जागी येऊ शकते. बॅगा मिळाल्या म्हणून लोक पुढे निघतात आणि नळी मागे राहते, तेव्हा ती जागा विचारून घ्यावी. मासेमारीचा परवाना तिथे प्रत्येक राज्याचा वेगळा असतो. मिनेसोटात तो राज्याचा नैसर्गिक संसाधन विभाग देतो आणि बाहेरून आलेल्या माणसासाठी त्याचा प्रकार वेगळा असतो. पाहुण्याने मुलीच्या किंवा जावयाच्या परवान्यावर गळ टाकून चालत नाही.

प्रश्न : चोपड्याहून लिहितो आहे. जळगाव ते मुंबई विमानाने आणि तिथून पुढे टोरांटोला जाण्याचा विचार आहे. टोरांटोच्या तिकिटावर प्रत्येकी २३ किलोचे दोन नग दाखवले आहेत. काठ्यांची नळी तिसरा नग धरली जाईल का?

उत्तर : नळी हा स्वतंत्र नग धरला जातो, असे समजूनच तयारी करावी. काही कंपन्या काठ्यांची नळी आणि साहित्याची पेटी मिळून एकच नग मानतात, काही खेळाच्या साहित्यासाठी आधी नोंदणी मागतात आणि वेगळे शुल्क घेतात. पण ही सवलत आपल्या तिकिटाला आहे की नाही हे कंपनीकडून लेखी मिळवावे आणि त्याची छापील प्रत खिशात ठेवावी. काउंटरवरच्या व्यक्तीला सगळ्या तरतुदी पाठ असतातच असे नाही. दोन नग मिळत असतील, तर सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे एक बॅग आणि एक नळी नेणे. नळीतल्या रिकाम्या जागेत पायमोजे, टॉवेल आणि पावसाळी जाकीट भरले तर काठ्यांनाही आधार मिळतो. २३ किलोच्या वर गेले तर जादा पैसे भरून चालते, पण ३२ किलोच्या वरचा एकच नग जवळपास कुठलीही कंपनी घेत नाही. तो हमालाने हाताने उचलायचा असतो आणि त्याच्या पाठीचा विचार करूनच ही मर्यादा ठरली आहे.

आपल्या प्रश्नात खरी काळजी घ्यावी लागेल ती जळगाव–मुंबई या टप्प्याची. दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर असतील, तर सर्वसाधारणपणे आंतरराष्ट्रीय प्रवासाची मर्यादाच सुरुवातीपासून लागू होते. दोन वेगळी तिकिटे काढली असतील, तर जळगावच्या काउंटरसाठी आपण केवळ मुंबईचे प्रवासी असता. देशांतर्गत प्रवासात साधारण १५ किलोच विनाशुल्क मिळतात, आणि उरलेल्या ३१ किलोंचे प्रत्येक किलोमागे पैसे भरावे लागतात. पहिले विमान उशिरा आले आणि पुढचे चुकले, तरी वेगळ्या तिकिटामुळे पुढची कंपनी जबाबदारी घेत नाही. त्यातही जळगावसारख्या ठिकाणी पंख्याची लहान विमाने येतात, ज्यांच्या सामानाच्या खणात जागा आणि वजन दोन्ही मोजून-मापून असते, आणि लांब नग पुढच्या विमानाने पाठवण्याची वेळ येऊ शकते. एवढे सामान असेल तर भुसावळ किंवा जळगावहून रात्रीची रेल्वे धरून एक दिवस आधी मुंबई गाठावी, हेच मी माझ्या घरच्या माणसाला सांगेन.

प्रश्न : भुसावळ. गळ, शिशाची वजने, पक्कड आणि मासे साफ करण्याची सुरी यांचे काय करावे? लहान गळ केबिनमध्ये चालतात, असे एका मित्राने सांगितले.

उत्तर : आपल्या मित्राचे म्हणणे अगदीच निराधार नाही. टीएसए लहान, धोका नसलेल्या कृत्रिम माश्या, म्हणजे गळावर पिसे-धागे बांधून केलेली आमिषे, केबिनमध्ये चालू देते आणि मोठे, धारदार गळ म्यान घालून चेक-इन सामानात ठेवायला सांगते. पण ‘लहान’ म्हणजे किती, हे त्या जागी उभा असलेला अधिकारी ठरवतो, आणि वाटेत विमान बदलताना केबिन बॅग पुन्हा तपासली जाते. पूर्वी एकदा माझी लहान गळांची डबी मुंबईत कोणी अडवली नाही, पण वाटेतल्या विमानतळावर ती काढून घेतली गेली. तोवर चेक-इन बॅग हातातून गेलेली होती, त्यामुळे ती डबी तिथेच सोडावी लागली. तेव्हापासून एकही गळ मी केबिनमध्ये ठेवत नाही, आणि आपणही ठेवू नये. सुरी आणि पक्कड यांचीही जागा चेक-इन सामानातच आहे.

चेक-इनमध्ये ठेवायचे म्हणून गळ कसेही कोंबू नयेत. बॅग उघडून पाहणारा माणूस हात आत घालतो, आणि सुटा तिहेरी गळ त्याच्या बोटात रुतला तर तो काढायला दवाखाना गाठावा लागतो. गळ झाकणाच्या डबीत ठेवावेत. तिहेरी गळांची टोके थर्माकोलच्या किंवा बुचाच्या तुकड्यात रोवून त्यावर रबर लावावे. खोट्या आमिषांचे गळ शक्य असल्यास कडीतून काढून वेगळे ठेवावेत. सुरीला म्यान नसेल तर पुठ्ठ्याची घडी घालून दोऱ्याने बांधावे.

शिसे घरीच ठेवावे. त्याची कारणे दोन आहेत. शिसे क्ष-किरणांना आरपार जाऊ देत नाही, त्यामुळे तपासणीच्या पडद्यावर काळा गोळा दिसतो आणि बॅग उघडली जाण्याची शक्यता वाढते. शिवाय मूठभर शिशाने एक-दीड किलो वाया जातो. दुसरे कारण माझ्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे. पाण्याच्या तळाशी राहिलेली शिशाची लहान वजने हंस आणि बदके खडे समजून गिळतात आणि विषबाधेने मरतात. या कारणाने ब्रिटनमध्ये २८.३५ ग्रॅमपर्यंतच्या बहुतेक शिशाच्या वजनांच्या विक्रीवर १९८७ पासून बंदी आहे, आणि कॅनडाच्या राष्ट्रीय उद्यानांत ५० ग्रॅमपेक्षा कमी वजनाची शिशाची वजने वापरता येत नाहीत. तिकडे पोलाद, कथील किंवा टंगस्टनची वजने मिळतात. ती तिथेच घ्यावीत. हतनूरच्या जलाशयावर हिवाळ्यात उतरणारी बदके पाहिलेल्या माणसाने आपल्याकडेही हा बदल का करू नये, असे मला मनापासून वाटते.

प्रश्न : नंदुरबार. माझ्याकडे मासे शोधण्याचे लहान इलेक्ट्रॉनिक यंत्र आहे. त्याची १२ व्होल्टची लिथियम बॅटरी, एक पॉवर बँक, डोक्याला लावायचा दिवा आणि गॅसने फुगणारे लाइफ जाकीट नेता येईल का?

उत्तर : लिथियमची सुटी बॅटरी आणि पॉवर बँक चेक-इन बॅगेत कधीही ठेवू नये, ती केबिनमध्येच हवी. सामानाच्या खणात तिने पेट घेतला तर तिथे कोणाला पोहोचता येत नाही, केबिनमध्ये निदान विझवता येते. मर्यादा वॅट-तासांत मोजतात आणि हिशेब सोपा आहे : व्होल्ट गुणिले अँपिअर-तास. १०० वॅट-तासांपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही. १०० ते १६० च्या दरम्यान कंपनीची परवानगी आणि जास्तीत जास्त दोन सुट्या बॅटऱ्या, आणि १६० च्या वर प्रवासी सामानात मनाई. आपली बॅटरी १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासांची असेल तर ८४ वॅट-तास होतात आणि ती चालते. १० अँपिअर-तासांची असेल तर १२० होतात आणि परवानगी लागते. २०,००० मिलीअँपिअर-तासांच्या पॉवर बँकेचे ३.७ व्होल्टने ७४ वॅट-तास भरतात. हा आकडा बॅटरीवर छापलेला असावा, पुसला गेलेला नसावा, आणि टोकांवर चिकटपट्टी लावावी. २०२५ पासून अनेक कंपन्यांनी विमानात पॉवर बँक वापरण्यावर बंधने आणली आहेत. एमिरेट्सने १ ऑक्टोबर २०२५ पासून एका प्रवाशाला १०० वॅट-तासांपेक्षा कमी क्षमतेची एकच पॉवर बँक नेण्यास परवानगी दिली आहे आणि विमानात ती वापरायची नाही असा नियम केला आहे.

लाइफ जाकिटात बसवलेली दोन लहान गॅस नळकांडी आणि दोन सुटी नळकांडी नेण्याची सोय आंतरराष्ट्रीय नियमांत आहे, पण कंपनीची संमती आधी घ्यावी लागते. दिव्याचे बटण चुकून दाबले जाऊ नये म्हणून त्यातली बॅटरी काढावी. रिळाला लावायचा गंजरोधक फवारा पेट घेणारा असल्यामुळे कुठेच चालत नाही. तेलाची छोटी कुपी घट्ट बंद करून चेक-इनमध्ये ठेवावी.

प्रश्न : शहादा. मुलगा न्यूझीलंडला आहे. वडील तापीवर सारंगखेड्याला गळ टाकतात आणि आपले जुने साहित्य, कापडी बूट आणि पेंडीचे आमिष घेऊन तिकडे जायचे म्हणतात. काही अडचण येईल का?

उत्तर : आपण वेळेत विचारले, हे बरे झाले. बाहेरून येणाऱ्या जिवांच्या बाबतीत न्यूझीलंड जगातील सर्वांत कडक देशांपैकी आहे आणि त्यामागे त्यांचा कटू अनुभव आहे. २००४ साली त्यांच्या दक्षिण बेटावरील वायाऊ नदीत डिडिमो नावाचे गोड्या पाण्यातले शेवाळ सापडले. ते दगडांवर जाड घोंगडीसारखे पसरते आणि ओल्या साहित्यातून एका नदीतून दुसऱ्या नदीत जाते. पेशी डोळ्यांना दिसत नाहीत. बुटाच्या तळव्यातला ओलावा त्यांना पुरतो. लोकरी नमद्याचे तळवे असलेले मासेमारीचे बूट तिथे २००८ पासून वापरता येत नाहीत, कारण ते पाणी धरून ठेवतात. २०२३ साली वायकाटो नदीत परदेशी शिंपला सापडल्यापासून ही दक्षता आणखी वाढली आहे.

म्हणून वडिलांच्या वापरलेल्या प्रत्येक वस्तूची माहिती प्रवेशाच्या जाहीरनाम्यात द्यावीच लागते. वापरलेले मासेमारी साहित्य, पाण्यात घातलेले बूट, शेतातला चिखल लागलेल्या चपला, पिसे आणि खाद्यपदार्थ हे सारे त्यात येते. माहिती दिली आणि वस्तू स्वच्छ असली, तर अधिकारी पाहतात आणि बहुधा परत देतात. माहिती दिली नाही आणि सापडली, तर तिथल्या तिथे ४०० न्यूझीलंड डॉलर दंड होतो. वयस्कर माणसे ‘विचारले नाही, म्हणून सांगितले नाही’ असे निरागसपणे म्हणतात, पण जाहीरनाम्यावर त्यांचीच नोंद असते. तेव्हा तो मुलाने वडिलांजवळ बसून, एकेक प्रश्न मराठीत समजावून भरावा.

निघण्याच्या आठवडाभर आधी सगळे साहित्य बाहेर काढावे. काठीच्या कड्या, रिळाची खाच, हातजाळीच्या गाठी आणि पेटीचे कोपरे भांडी घासायच्या साबणाच्या पाण्याने जुन्या टूथब्रशने घासावेत. जाळी त्या पाण्यात चांगली भिजू द्यावी. नंतर आतून-बाहेरून पूर्ण कोरडे होईपर्यंत वाळवावे आणि हाताला कोरडे लागल्यावरही निदान ४८ तास तसेच ठेवावे. खानदेशातल्या एप्रिल-मे महिन्याच्या उन्हात हे सहज होते. पावसाळ्यात मात्र पंख्याखाली चार-पाच दिवस लागतात. जुना तंगूस काढून टाकावा. कापडी बूट नेऊ नयेत. रबरी तळव्याचे तिथे घ्यावेत किंवा मुलाकडून मागून घ्यावेत.

पेंडीचे आमिष नेऊ नये. शेंगदाण्याची पेंड, ज्वारीचे पीठ, भाजलेले धान्य या वनस्पतिजन्य वस्तू आहेत आणि गांडुळांचा तर प्रश्नच नाही. रोहू आणि कटल्याला पेंड प्रिय असली, तरी तिथल्या ट्राउट माशाला तिची गोडी नाही, हेही वडिलांना सांगावे. ट्राउटसाठी फिश अँड गेम या संस्थेचा परवाना लागतो, ताउपो तळ्याच्या परिसराचा परवाना वेगळा असतो, आणि पकडलेला ट्राउट तिथे विकता येत नाही. त्यामुळे तो हॉटेलच्या ताटात मिळत नाही, ज्याने पकडला त्याच्याच घरी शिजतो.

परत येताना हीच स्वच्छता पुन्हा करावी, आणि मी यावर जाणीवपूर्वक भर देतो आहे. तिकडच्या तळ्यातला ओला बूट सारंगखेड्याच्या पाण्यात बुडवण्याचा धोका तापीने का पत्करावा? १९५२ साली भारतात आणलेला मोझांबिकचा तिलापिया मासा तळ्यांतून नद्या आणि जलाशयांत पसरला, आणि आता तो कोणी परत घेऊ शकत नाही.

प्रश्न : अमळनेर. मी मोरपिसाचे धागे वापरून गळावर कृत्रिम माश्या बांधतो. शेतात गळून पडलेलीच पिसे वापरतो. स्कॉटलंडमधील भाच्याला अशा पंचवीस माश्या भेट म्हणून नेता येतील का?

उत्तर : नाही. शेतात गळालेले मोरपीस उचलण्यात आपला काही दोष नाही, पण मोर वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे आणि मोरपिसे व त्यांपासून केलेल्या वस्तू देशाबाहेर नेण्यास मनाई आहे. पीस गळालेले होते की उपटलेले, हे विमानतळावर कोणी सिद्ध करू शकत नाही. रानकोंबड्याच्या पिसांनाही हीच सावधगिरी लागू आहे. आपले कसब बांधणीत आहे, ते रेशीम किंवा कृत्रिम धाग्यातही दिसेल. तशा माश्या बांधून चेक-इन बॅगेतून न्याव्यात.

प्रश्न : जळगाव. माझे समुद्रातल्या मासेमारीचे रीळ परदेशी बनावटीचे आणि बरेच महाग आहे. परतताना ते तिकडेच घेतले असे समजून कस्टम्सने शुल्क मागितले तर? आणि पकडलेला मासा बर्फात घालून आणता येईल का?

उत्तर : निघताना विमानतळावरील कस्टम्सच्या कक्षात रीळ दाखवून निर्यात प्रमाणपत्र घ्यावे. वस्तूचे वर्णन आणि क्रमांक नोंदवून अधिकारी ते देतात आणि परतताना दाखवल्यावर ती वस्तू आपलीच होती हे सिद्ध होते. त्यासाठी रीळ चेक-इनमध्ये देण्याआधी जावे लागते, हे अनेकांच्या ध्यानात राहत नाही. रीळ केबिनमध्ये ठेवण्याचे हेही एक कारण आहे. खरेदीची पावती असेल तर सोबत ठेवावी.

मासा आणू नये. प्राणिजन्य पदार्थांच्या आयातीला परवान्याच्या अटी आहेत. मापपट्टीवर ठेवून छायाचित्र घ्यावे आणि मासा पाण्यात सोडावा किंवा तिथेच शिजवावा.

प्रश्न : चाळीसगाव. गेल्या वर्षी माझी काठ्यांची नळी चार दिवस उशिरा मिळाली आणि एक काठी मोडलेली होती. कंपनीने ‘नाजूक वस्तूची जबाबदारी नाही’ असे सांगितले. माझा काही हक्क होता का?

उत्तर : होता, आणि तो बहुधा मुदतीत न मागितल्यामुळे गेला असावा. आंतरराष्ट्रीय प्रवासाला १९९९ चा माँट्रियल करार लागू होतो आणि भारत त्यात २००९ पासून सहभागी आहे. मोडतोडीची लेखी तक्रार सामान मिळाल्यापासून ७ दिवसांत, आणि उशिराबद्दलची सामान हाती आल्यापासून २१ दिवसांत करावी लागते; २१ दिवसांत सामान आलेच नाही, तर ते हरवले असे धरून दावा करता येतो. न्यायालयात जाण्याची मुदत २ वर्षे आहे. भरपाईची कमाल मर्यादा २८ डिसेंबर २०२४ पासून एका प्रवाशामागे १,५१९ एसडीआर झाली आहे. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबाचे एकक आहे. रुपयांत ही रक्कम दराप्रमाणे पावणेदोन लाखांच्या पुढे-मागे होते. ही ठरलेली बक्षिसी नव्हे. जेवढे नुकसान कागदाने सिद्ध होईल तेवढेच मिळते, आणि चार दिवस काठी भाड्याने घ्यावी लागली असेल तर त्याची पावतीही त्यात मोजता येते.

म्हणून विमानतळाबाहेर पडण्याआधी कंपनीच्या काउंटरवर सामानाच्या तक्रारीचा अर्ज, ज्याला तिथे पीआयआर म्हणतात, भरून त्याचा क्रमांक घ्यावा. नळी तिथेच उघडून पाहावी. घरी येऊन पाहिली तर मोड कुठे झाली यावर वाद होतो. निघताना काउंटरवर ‘मर्यादित जबाबदारी’ची पट्टी बॅगेला लावून सही मागतात. ती वस्तू नाजूक आहे किंवा नीट बांधलेली नाही अशा कारणासाठी असते, तेव्हा कारण वाचूनच सही करावी. आवळून बांधलेली कडक नळी असेल तर तसे नम्रपणे दाखवून द्यावे. बांधणी करताना मोबाइलवर दोन छायाचित्रे काढून ठेवली, तर हे बोलणे सोपे जाते.

प्रश्न : यावल. पाच दिवसांसाठी दुबईला जात आहोत. एका सकाळी समुद्रावर मासेमारीला जायचे आहे. काठी न्यावी का?

उत्तर : एका सकाळीसाठी नेऊ नये. भाड्याच्या नावेवर काठी, रीळ आणि आमिष नावाडीच देतो. संयुक्त अरब अमिरातीत मासेमारीला परवाना लागतो. नाव ठरवतानाच तो त्या भाड्यात येतो की आपण काढायचा, हे लेखी विचारून घ्यावे, आणि किनाऱ्यावरून गळ टाकायचा असेल तर आपल्या नावाचा परवाना आधी काढावा.